गोत्र शोधायला त्रिनिदादला

वेस्ट इंडिजचा नकाशा मी हिंगोलीच्या शाळेत वीसेक वर्षं फळ्यावर काढला. खडूनं ठिपके मारायचे, सगळ्यात खालच्या ठिपक्याला त्रिनिदाद म्हणायचं, 'इथं डांबराचं तळं आहे' एवढं सांगायचं आणि पुढच्या धड्याकडं वळायचं. त्या ठिपक्यावर आपण स्वतः उतरू असं ना मला कधी वाटलं, ना पोरांना. मी पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. आमच्यात लांबचे प्रवास केले ते आज्या-पणज्यांनी, बैलांच्या पाठीवर मीठ लादून. माझी मजल मुंबईपर्यंत, तीही शिक्षकांच्या मोर्चात.

हा योग आणला जोशी सरांनी. वसंतराव जोशी आमच्याच शाळेत संस्कृत शिकवायचे. घराण्याकडं गावातल्या देवीच्या देवळाची पूजा. मुलगा मकरंद इंजिनिअर, तिकडं त्रिनिदादला गॅसच्या कारखान्यात नोकरीला. सरांच्या पत्नी वारल्यापासून तो मागं लागला होता, "बाबा, या. इथला निसर्ग बघा, संस्कृती बघा." सर एकटे विमानात बसायला तयार नव्हते, म्हणून त्यानं दोन तिकिटं पाठवली. सर मला म्हणाले, "राठोड, चल. तू भूगोलवाला, तुझा उपयोग होईल."

खरा उपयोग काय तो मुंबईच्या विमानतळावर कळाला.

"पोरगी बघितलीय त्यानं तिकडची," सर हळूच म्हणाले. "म्हणतो हिंदू आहे. अरे, पण हिंदू म्हणजे काय? कूळ, गोत्र काही आहे का नाही? आपण जाऊन बराबर तपास काढायचा. वरून दाखवायचं, निसर्ग बघून राहिलोत."

म्हणजे मी चाललो होतो निसर्ग बघायला आणि सर खानेसुमारीला.

विमानतळावरचं केशर

सरांच्या पेटीत कुरुंद्याची हळद, मेतकूट आणि आंब्याचं लोणचं होतं. पोर्ट ऑफ स्पेनच्या विमानतळावर तपासणीला एक दांडगी, हसऱ्या डोळ्यांची काळी बाई होती. तिनं हळदीची पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाली, "सॅफ्रन."

झालं. चुकीचा शब्द कानावर पडला की सरांना राहवत नाही. "नो, नो! सॅफ्रन म्हणजे केशर. ही हळद. टर्मरिक. हरिद्रा!"

बाईंनी दुसऱ्या अंमलदाराला बोलावलं. त्यानंही वास घेतला. "सॅफ्रन," तो म्हणाला. सर लाल झाले. साधं 'हो' म्हटलं असतं तर आम्ही सुटलो असतो, पण सर तिथं उभ्या उभ्या केशराचं फूल आणि हळदीचा कंद यांतला फरक सांगायला लागले. एवढी धडपड करून माणूस ज्याला केशर नाही म्हणतो ते नक्की काय असावं, असा संशय आता दोघांच्या तोंडावर दिसायला लागला. शेवटी मागच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "हरदी आहे ती, हरदी! जाऊ द्या पंडितला." बाई खो खो हसल्या. हळद परत दिली, लोणचं ठेवून घेतलं.

मकरंदनं बाहेर आल्यावर सांगितलं की इथं हळदीलाच सॅफ्रन म्हणतात. आमच्या हळदीला परदेशात केशर म्हणतात हे कुरुंद्याच्या शेतकऱ्यांना कळालं असतं तर ते पोहत आले असते.

पोरगी गाडी घेऊन आली होती. नाव सावित्री, सगळे सॅवी म्हणायचे. उंच, सावळी, पायात गमबूट. गुरांची डॉक्टर. वाकून दोघांच्या पाया पडली. सरांनी संस्कृतातून आशीर्वाद दिला आणि तोच हात डोक्यावर असताना इंग्रजीतून विचारलं, "व्हॉट इज युवर गोत्र?"

"गोट?" ती आनंदानं म्हणाली. "येस, येस, गोट्स टू. पण जास्त म्हशी."

मकरंदनं सामान उचललं. मला एकदम खोकला आला.

डांबराचं तळं

दुसऱ्या दिवशी मकरंदनं मला माझा ठिपका दाखवायला नेलं. जगातलं सगळ्यात मोठं डांबराचं तळं म्हणून मी ज्याचं वर्णन करत आलो, ते प्रत्यक्षात आमच्या सेनगाव रस्त्यासारखंच निघालं. काळं, सुरकुतलेलं, जागोजाग डबकी. फरक एवढाच, की तिथं खड्ड्यांच्या आत तरी डांबर होतं. हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती, जिल्ह्याचा फलक चकचकीत लागला होता आणि फलकाखालून जाणारा रस्ता मात्र तालुक्याचाच राहिला होता. मी त्या तळ्याच्या काठावर उभा राहून बराच वेळ मनात ठेकेदारांना आठवत राहिलो.

वाटाड्या सांगत होता की मऊ जागी थांबू नका. सर थांबले, कारण त्यांना वाटाड्याचं आडनाव विचारायचं होतं. उजवी चप्पल आत गेली. आम्ही तिघांनी ओढली, चपलेचा अंगठा हाती आला, चप्पल राहिली. सर एका पायानं उड्या मारत काठाला आले. वाटाड्यानं धीर दिला की तळ्यातल्या वस्तू फिरत फिरत कधीतरी वर येतात. झाडंसुद्धा आली आहेत, म्हणे.

"कधी?" सरांनी विचारलं.

"शंभर वर्षांत."

महाराज

मकरंदला कारखान्यातून सारखी सुटी मिळेना, म्हणून त्यानं ओळखीची टॅक्सी लावून दिली. ड्रायव्हरनं नाव सांगितलं, महाराज. सरांचे डोळे चमकले. इथं ब्राह्मणांना महाराज म्हणतात ही माहिती त्यांनी तोवर कुठूनतरी मिळवली होती. ते मागच्या सीटवरून उठून पुढं जाऊन बसले.

रस्ता डोंगरातून होता. उतारावर कोकोच्या बागा आणि त्यांच्यावर सावली धरून उभी असलेली केशरी फुलांची झाडं. निरखून बघितलं तर आमचा पांगारा! पानंही तीच, काटेही तेच. परदेशात भाचा भेटावा तसं झालं. सर मात्र महाराजांशी वेदांबद्दल बोलत होते आणि महाराज मान हलवत होते. पुढं माराकासचा समुद्र आला. नारळी, पांढरी वाळू, निळं पाणी. कॅलेंडरवर असतो तसाच, फक्त त्याला वास होता, तळलेल्या माशांचा.

महाराजांनी गाडी लावली, टपरीवर गेले आणि येताना तिघांसाठी जाड पुऱ्या घेऊन आले. त्यांच्या पुरीत शार्क मासा होता, एवढा मोठा की शेपटीकडून खावा का डोक्याकडून असा प्रश्न पडावा. दुसऱ्या हातात रमचा ग्लास.

"पंडितजी, तुमच्यात मासा घातला नाही," महाराज अदबीनं म्हणाले. "सकाळपासून देवाचं बोलून राहिलात, म्हटलं आज उपास असेल."

सरांनी कोरडी पुरी चिंचेच्या चटणीला लावून खाल्ली. माझ्या पुरीत मासा होता. आम्ही तांड्यावरची माणसं, आम्हाला कोणी उपासाबद्दल विचारत नाही. उत्तम होता.

परतताना सर मागच्या सीटवर बसले.

लाल पक्षी

कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी नावेतून नेतात. कांदळवनातून नाव हळूहळू जाते, फांद्यांवर साप वेटोळी घालून झोपलेले, नावाडी ते बोटानं दाखवतो आणि आपण बोट आत घेतो. मोकळ्या पाण्यात आल्यावर नावाड्यानं इंजिन बंद केलं. मग ते आले. आधी आठ-दहा, मग थव्यामागून थवे, लालभडक, आपल्या शराटी पक्ष्यासारख्या बाकदार चोचीचे. समोरच्या बेटावरची हिरवी झाडं बघता बघता पेटल्यासारखी झाली. मी बेट बघतोय का आमचा पळसाचा माळ, कळेना. सरांनी हात जोडले. इथं आल्यापासून पहिल्यांदाच ते कोणाची जात विसरून काहीतरी बघत होते.

नावाडी म्हणाला, "पिलं राखाडी असतात. हा रंग खेकडे खाऊन येतो."

सरांचे हात सुटले. "म्हणजे मांसाहारानं?"

"खेकडे नाही मिळाले तर फिके पडतात," नावाडी म्हणाला. सर त्यानंतर पक्ष्यांकडं जरा दुखावल्यासारखे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी समुद्रातलं देऊळ बघितलं. उसाच्या मळ्यावरच्या एका मजुरानं जमिनीवर देऊळ बांधलं, मळेवाल्यांनी ते पाडून त्याला तुरुंगात टाकलं. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही म्हणून तो बादल्यांनी दगड-माती वाहून पाण्यात भर घालत राहिला, कित्येक वर्षं. सरांनी आत जाऊन नमस्कार केला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "कोण होता म्हणे हा?"

"मजूर, सर."

"ते झालं. पण कोण?"

मी समुद्राकडं बघितलं.

आजी

फगव्याच्या दिवशी, म्हणजे आपल्या होळीनंतरच्या रंगाला, सॅवीच्या गावी बोलावणं होतं. दक्षिणेकडं पेनाल म्हणून गाव, भोवती भाताची खाचरं, घरं खांबांवर उभी आणि अंगणात वेळूच्या काठ्यांना लाल-पिवळे झेंडे. मैदानात दोन रांगा समोरासमोर बसून ढोलक-झांजांवर गाणी म्हणत होत्या. शब्द भोजपुरी, म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना अर्थ माहीत नाही, पण ताल अंगात येईल असा. तांड्यावर होळीला आम्ही लेंगी म्हणतो, घोळका करून, रात्ररात्र. मी मैदानाच्या कडेला पाय हलवत उभा होतो. कोणीतरी ओढलं. मग मीही आमची एक लेंगी म्हटली, चांगली मोठ्यानं. त्यांना शब्द कळाले नाहीत, पण त्यांचा तो रोजचाच सराव होता. सगळ्यांनी टाळी धरली. सर जांभळ्या रंगात न्हाऊन एका खुर्चीत बसले होते. दोन बायकांनी बाटलीनं रंग ओतला होता आणि आडनाव विचारायच्या आत पळून गेल्या होत्या.

दुपारी मकरंदसकट आम्हा सगळ्यांचं सॅवीच्या आजीकडं जेवण. तिकडंही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. हे ऐकून सर विरघळले. "बघ राठोड, शब्द टिकलाय. कूळही टिकलं असेल." आजी वाळक्या, पाठीत वाकलेल्या, डोक्यावर पांढरी ओढणी. सॅवीचे आईवडील लहानपणीच गेलेले, तिला यांनीच वाढवलेलं, म्हणून लग्नाचा शब्द यांचाच. बोलणं भोजपुरी मिसळलेलं, अडलं की सॅवी इंग्रजी करायची. जमिनीवर ओळीनं कर्दळीसारखी मोठी पानं मांडली. त्यावर डाळ भरलेली पोळी, भोपळा, हरभरे-बटाटे, कैरीच्या किसाचं तिखट लोणचं.

सरांनी दोन घास खाल्ले आणि मुद्द्यावर आले. "माताजी, आप का गोत्र?"

"गोतर?" आजींनी विचार केला. "जहाज."

सॅवीनं समजावलं. उसाच्या मळ्यांवर मजुरीला एका जहाजातून आलेले ते सगळे भाऊबहीण. त्यांच्या लेकरांची एकमेकांत लग्नंसुद्धा करत नसत.

सरांनी घाम पुसला, त्यानं कपाळावरचा जांभळा रंग गालावर आला. "वो ठीक है. लेकिन जहाज के पहले?"

"पहिले?" आजी म्हणाल्या. "पहिले भूख."

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. नवऱ्याचा चुलता इथला मळा सोडून दुसऱ्या मळ्यावर गेला आणि तिथं सगळ्यांना सांगून महाराज झाला. पोथी घेतली, धोतर घेतलं, त्याची नातवंडं आज पूजा सांगतात. "आम्ही आळशी," आजी म्हणाल्या, "आम्ही होतो तेच राहिलो." मकरंद हसला. सर हसले नाहीत.

"अब हम पूछब," आजी म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं. "ई तोहार दोस्त. तोहरे घर में खात है?"

पुढचं त्यांनी सॅवीला सांगितलं आणि सॅवीनं खाली बघत आम्हाला सांगितलं. आजींची आई देशातल्या ज्या गावाहून निघाली, तिथं तिला वरून पाणी ओतायचे आणि ती ओंजळीनं प्यायची. सात समुद्र ओलांडून ती सगळ्यात आधी कशावर खूश झाली असेल तर हातात मिळालेल्या पेल्यावर. तसल्या घरात आजी नात देणार नव्हत्या. मुलगा चांगला होता, पण ज्या घराचं नाव लावायचं ते घर कसं आहे, हे त्यांना ऐकायचं होतं.

बघा मंडळी, पृथ्वीला अर्धा वळसा घालून आम्ही पोरीचं कूळ तपासायला गेलो होतो.

मी मकरंदकडं बघितलं. सॅवीचा हात भोपळ्याच्या भांड्यावर तसाच राहिला होता. "हाँ माताजी," मी म्हणालो. "बहुत बार."

सरांनी हातातला घास पानावर ठेवला.

"राठोड, राहू दे," ते म्हणाले. मग आजींकडं वळून, मोडक्या हिंदीत, "झूठ बोल रहा है. हमारी इज्जत के लिए. मेरे घर इसने कभी नहीं खाया. चाय पी, बरामदे में. उसका कप अलग था. मेरी माँ के टाइम से. माँ गई, पत्नी गई, कप रहा. मैं ने हटाया नहीं."

कपावर निळं फूल होतं. मला ते फूल पाठ होतं. आम्ही दोघं शाळेत एका टेबलावर बसत होतो, एका एसटीनं हिंडत होतो आणि त्या कपाबद्दल एक शब्द कधी बोललो नव्हतो. त्याचा विषय पहिल्यांदा निघाला तो इथं, परक्या देशात, पानावर बसलेलो असताना. मला राग यायला हवा होता. आला, पण नंतर. त्याआधी मी लोणच्याचं निमित्त करून पाणी मागितलं.

आजी सरांकडं वळल्या.

"घर जा," त्या म्हणाल्या. "इसको बैठाओ. अपने हाथ से बनाओ, खिलाओ. फिर हमको फोन आए." सर मान हलवायला लागले तेवढ्यात त्यांनी पुन्हा माझ्याकडं बोट केलं. "तोहार नहीं. इनकर फोन."

आणि मला आणखी भोपळा वाढला.

हिंगोली

परत आल्यावर सर माझ्याशी काही दिवस फक्त वेळापत्रकाबद्दल बोलले. मग एका रविवारी घरी आले, हातात कुंकू-अक्षता. रीतसर जेवणाचं आमंत्रण.

आमच्या मंडळींनी, शांताबाईंनी, त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "काहून? एवढ्या वर्षांनी आमी आठवलो?"

सरांनी अक्षता या हातातून त्या हातात घेतल्या.

"येतो ना," शांताबाई म्हणाल्या. "पण आमच्या घरचं तुमी कुठं खाल्लंय? रिकाम्या हातानं कसं यावं? आधी तुमी बसा."

आजी परवडल्या असं सरांना वाटलं असेल. पण बसले. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, कांदा. पहिल्या घासाला डोळे मिटले, औषध घेताना मिटतात तसे. तिसऱ्या भाकरीला उघडे होते. शांताबाईंनी चौथी वाढली तेव्हा नको म्हणाले, पण पान सरकवलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. ओसरी ओलांडून, माजघर ओलांडून, थेट स्वयंपाकघरात, जिथं मी कधी डोकावलोसुद्धा नव्हतो. सर सोवळं नेसून चुलीशी घामाघूम. पत्नी गेल्यापासून जेवणाचा डबा यायचा, सबंध आयुष्यात त्यांनी स्वतः चहापलीकडं काही केलं नव्हतं. भाताचा लगदा झाला होता, शिरा खाली लागला होता, वरणातली डाळ दाताखाली कडकड वाजत होती. सर स्वतः वाढत होते आणि प्रत्येक वेळी आमच्या तोंडाकडं बघत होते. शांताबाई खाली मान घालून खात राहिल्या, त्यांचे खांदे मात्र हलत होते.

जेवण झाल्यावर सर आणि मी चौकातल्या फोनच्या बूथवर गेलो. इकडं संध्याकाळ, तिकडं सकाळ. मी आत काचेच्या खोक्यात, सर बाहेर, नाक काचेला टेकलेलं. काचेतून ऐकू येत नव्हतं आणि दार उघडायची त्यांची हिंमत नव्हती.

"खिलाया?" तिकडून आजी ओरडल्या.

"हाँ."

"कहाँ बैठाया?"

"अंदर. चूल्हे के पास."

"कैसा बना?"

मी काचेकडं बघितलं. डोक्यावर मीटरचे लाल आकडे पळत होते. सरांचा चेहरा काचेवर चपटा होऊन परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखा झाला होता. मी थोडा वेळ घेतला. एवढ्या वर्षांत मला सरांकडं असं निवांत बघायला कधी मिळालं नव्हतं.

"बहुत खराब, माताजी," मी म्हणालो. "दाल कच्ची थी."

तिकडं नुसती खरखर. मला वाटलं फोन तुटला. मग आजींचं हसू आलं, खोकल्यासकट, बराच वेळ.

"अब सच बोला," त्या म्हणाल्या. "लइका के बोल दे, तारीख निकाले."

मी बाहेर आलो. सरांनी माझा दंड धरला. "काय म्हणाल्या?"

"पोरगी दिली म्हणाल्या."

सर बूथच्या पायरीवर खाली बसले, सोवळ्यासकट. चौकातली माणसं बघायला लागली. जरा वेळानं त्यांनी मान वर केली.

"राठोड, डाळीचं राहू दे. मीठ तरी बराबर पडलं होतं ना?"

"न्हाई, सर," मी म्हणालो आणि त्यांच्या शेजारी बसलो.